डागणीपासून कानामागच्या करंटपर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरी असो की शाहूपुरी, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एक लहानशी पेटी हमखास दिसते. तिच्यातून वायरी निघतात आणि वायरींच्या टोकांना चिकट पॅड असतात. गुडघ्याला किंवा कमरेला पॅड लावून बटण फिरवलं की कातडीखाली मुंग्या सरकायला लागतात आणि ठणका जरा मागे हटतो. पेशंट घरी सांगतात, ‘करंट लावून आलो.’ डॉक्टरांच्या कागदावर या पेटीचं नाव ‘टेन्स’ असतं. कातडी न फोडता, वरूनच विजेच्या हलक्या ठोक्यांनी मज्जातंतू जागे करायचे, अशी ही पद्धत आहे.

ही पेटी ओळखीची आहे ती मोठ्या माणसांना. गुडघे झिजलेल्या आजी, कंबर धरलेले ड्रायव्हर, खांदा निसटलेले पैलवान तिच्यासमोर बसतात. मुलांच्या दीर्घकाळच्या दुखण्यापर्यंत विजेचा उपाय फार उशिरा पोचला. अकरा-बारा वर्षांच्या मुलीचं पोट महिनोन्‌महिने दुखतं, सोनोग्राफी स्वच्छ येते, रक्त-लघवीत काही सापडत नाही, तरी कळ थांबत नाही. अशा मुलीसाठी कानामागं लावायचं विजेचं एक उपकरण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्य केलं ते जून २०१९ मध्ये. वीज साठवायची युक्ती माणसाला १७४५-४६ पासून ठाऊक होती आणि तेव्हापासूनच ती दुखण्यांवर वापरली जात होती. मग मुलांच्या अशा दुखण्यापर्यंत ती पोचायला पावणेतीनशे वर्षं का लागली?

याचा माग काढताना दोन इतिहास हाती लागतात. एका वेदनेवर दुसरी संवेदना चढवण्याचा पहिला, आणि मुलाचं दुखणं खरं मानण्याचा दुसरा. पहिला झपाट्यानं पुढं गेला, दुसरा रखडला. मुलांच्या वेदनेवरचा विजेचा उपाय हे यंत्राचं यश आहेच, पण त्याआधी ते मुलाच्या शब्दाला मिळालेल्या मान्यतेचं फळ आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

डाग, मासा आणि बरणी

दुखऱ्या जागी दुसरी, अधिक जोरकस संवेदना दिली की पहिली मागं पडते, हा अनुभव फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे. कातडी, स्नायू, सांधे, हाडं यांत वातामुळं तीव्र वेदना उठली तर तापवलेल्या साधनानं डाग द्यावा, असं तिथं सांगितलं आहे. खेड्यापाड्यांतली डागणी याच घराण्यातली. मात्र त्याच अध्यायात डाग कुणाला देऊ नये याचीही यादी आहे, आणि दुर्बळ, वृद्ध, भित्रा यांच्यासोबत तिथं बालकाचंही नाव आहे.

शास्त्रानं मुलांना वगळलं, व्यवहारानं वगळलं नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा अजून अधूनमधून बातम्यांत येते. पोटावर भाजल्याचे व्रण घेऊन बाळं रुग्णालयात दाखल होतात. त्या आईबापांना बाळाचा त्रास खोटा वाटत नसतो. उलट तो बघवत नाही म्हणूनच ते भूमकाकडं, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडं धावतात. पण चटका किती सोसवतो हे बाळाला सांगता येत नाही, आणि ज्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही त्याच्यावर चढवलेली दुसरी संवेदना ही निव्वळ इजा असते. पुढं विजेच्या बाबतीतही हा मुद्दा महत्त्वाचा ठरणार होता.

डागाशिवाय दुसरा मार्ग रोमन लोकांना समुद्रात सापडला. इसवी सन ४६-४७ च्या सुमारास स्क्रिबोनियस लार्गस या वैद्यानं संधिवाताच्या ठणक्यावर पायाखाली जिवंत टॉर्पेडो मासा ठेवायला सांगितलं. हा मासा विजेचे झटके देतो. पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो पेशंटनं ओल्या किनाऱ्यावर उभं राहायचं. जुनाट डोकेदुखीवरही हाच मासा. वीज म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, पण तिचा उपयोग लक्षात आला होता.

पुढं, १७४५-४६ मध्ये, लायडनच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली आणि काही वर्षांतच युरोपात लकव्यापासून दातदुखीपर्यंत सगळ्यावर तिचे झटके दिले जाऊ लागले. मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७६० मध्ये विजेच्या उपचारांवर लोकांसाठी पुस्तकच लिहिलं. १८३१ मध्ये फॅरडेनं विद्युतप्रवर्तनाचा शोध लावला आणि थांबत-थांबत वाहणारा, स्नायू आकसवणारा प्रवाह मिळाला. फिजिओथेरपीत आजही त्याला ‘फॅरॅडिक’ म्हणतात. १८५५ मध्ये फ्रान्सच्या ड्युशेन यांनी कातडीवर पॅड ठेवून एकेक स्नायू वेगळा कसा चेतवायचा याचा ग्रंथ लिहिला. पेटीचं आजचं रूप इथं दिसू लागतं.

मुलांना करंट मिळाला तो चालण्यासाठी

ड्युशेनकडं मुलं येत होती. स्नायू क्षीण करत नेणारा, मुलग्यांना होणारा एक आजार त्यांच्याच नावानं ओळखला जातो. तरीही मुलांच्या अंगाला लागलेला करंट स्नायू हलावा, पाय उचलला जावा यासाठी होता. वेदना हा त्यातला प्रश्नच नव्हता.

महाराष्ट्रातही तसंच घडलं. १९५० च्या आगेमागे मुंबईत पोलिओनं थैमान घातलं. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय उभं केलं. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या या बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्याच झाल्या. फलटणच्या शेतीसंशोधनामुळं मराठी वाचकांना ठाऊक असलेले बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र. पाठोपाठ केईएममध्येच फिजिओथेरपीचंही विद्यालय सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि मुंबई महापालिका त्यामागं होत्या, आणि निमित्त होतं पोलिओग्रस्त मुलांचं.

म्हणजे आपल्याकडं फिजिओथेरपीचा पाया मुलांमुळं घातला गेला. लुळ्या पडलेल्या स्नायूंना करंट देऊन आकसवायचं, कॅलिपर बांधायचा, मूल उभं करायचं. पोलिओ गेला आणि या खात्यांत मोठ्यांची गर्दी झाली. मुलांच्या दुखण्यासाठी तिथं वेगळी जागा तयार झाली नाही.

एका पैलवानाचं कर्ज

कोल्हापूरच्या माणसाला या कथेतलं एक नाव खास वाटावं असं आहे. जॉन बोनिका १९१७ मध्ये इटलीच्या फिलिकुडी बेटावर जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत गेले. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी कुस्त्या मारून, सर्कशीत आणि जत्रांत तोंडाला मुखवटा बांधून लढून पुरं केलं. १९४१ मध्ये ते आपल्या वजनगटातले विजेते ठरले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांना भूल देताना त्यांना दिसलं, की जखम भरली तरी वेदना राहते आणि तिच्याकडं बघायला वैद्यकात स्वतंत्र कुणीच नाही. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. १९७३ मध्ये त्यांनी बोलावलेल्या सभेतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. कुस्तीनं मोडलेले सांधे त्यांना आयुष्यभर छळत राहिले. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावाला हे समजावून सांगायला नको.

बोनिकांनी वेदनेला वैद्यकात घर दिलं. तिचं कोडं उलगडलं ते आणखी दोघांनी. तोवरची समजूत जुनी होती. १६६४ मध्ये छापलेल्या, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या ग्रंथात एक प्रसिद्ध चित्र आहे. आगीजवळ पाय नेलेली एक आकृती, आणि पायापासून मेंदूपर्यंत ओढलेली एक तार. जेवढी इजा तेवढी वेदना, असा त्याचा अर्थ. इजा दिसत नसेल तर वेदना नाही, असा उलटा निष्कर्षही त्यातूनच निघत राहिला आणि मुलांना तोच सर्वांत जास्त भोवला.

नोव्हेंबर १९६५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ही सरळ तार तोडली. मज्जारज्जूच्या मागच्या भागात एक वेस आहे, असं त्यांनी मांडलं. जाड मज्जातंतू स्पर्श, दाब, थरथर यांची खबर वेगानं आणतात. बारीक तंतू कळ आणि ठणका आणतात. जाड तंतूंची ये-जा वाढली की आतल्या पेशी बारीक तंतूंचा संदेश अडवतात आणि वेस अर्धवट मिटते. वरून मेंदूही ती उघडू किंवा मिटू शकतो. भीती, एकटेपणा, मागच्या दुखण्याची आठवण यांनी ती उघडते. धीरानं, झोपेनं, खेळात रमण्यानं ती मिटते. मार लागल्या जागी आई चोळते तेव्हा आणि तालमीत वस्ताद खांदा रगडतात तेव्हा काय घडतं, याचं शास्त्रीय उत्तर प्रथमच मिळालं.

पुढच्या दोन वर्षांत वॉल यांनी विल्यम स्वीट यांच्याबरोबर विजेनं जाड तंतू चेतवून पेशंटची वेदना तेवढ्यापुरती थांबवून दाखवली. १९६७ मध्येच अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या एका पेशंटच्या मज्जारज्जूवर विजेचं टोक बसवलं. असं उपकरण कुणाला मानवेल हे आधी तपासण्यासाठी डॉक्टर कातडीवरून करंट देऊन बघू लागले. पुष्कळांना तेवढ्यानंच उतार पडला. आपल्या ओळखीची टेन्सची पेटी अशी, १९७० च्या दशकात, स्वतंत्र झाली. नंतरच्या संशोधनात दिसलं की वेस मिटण्याबरोबरच शरीराची स्वतःची अफूसारखी द्रव्यंही या करंटनं कामाला लागतात.

मुलाला दुखतं, हे कधी ठरलं

यंत्र तयार होतं, सिद्धान्तही तयार होता. पण मुलांच्या बाबतीत वैद्यक वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं.

आपल्याकडं एक फार जुनी नोंद आहे. बालरोगांवरच्या काश्यपसंहितेत ‘वेदनाध्याय’ नावाचा अध्याय आहे. ज्याला बोलता येत नाही त्या बाळाला कुठं दुखतंय हे कसं ओळखावं, असा त्यातला प्रश्न. डोकं दुखत असेल तर बाळ डोकं सारखं हलवतं, झोपत नाही. कान दुखत असेल तर हात कानाकडं नेतं. पोटात कळ असेल तर अंगावर पीत नाही, रडतं, उताणं पडतं, पोट ताठरतं. नेपाळात सापडलेल्या अपुऱ्या हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ मध्ये छापली गेली. मुलाच्या अंगाकडं नीट बघितलं तर त्याची वेदना वाचता येते, ही जाण इतकी जुनी आहे.

विसाव्या शतकातलं पाश्चात्त्य वैद्यक मात्र उलट दिशेला गेलं. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी बाळांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या आणि नवजात बाळाचा मेंदू वेदना जाणण्याइतका पिकलेला नसतो, अशी समजूत बळावली. ती पुढं अनेक दशकं टिकली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना हालचाल थांबवणारं औषध दिलं जाई, वेदना थांबवणारं पुरेसं दिलं जाईच असं नाही. त्याचा धोका जास्त, असं मानत.

ही समजूत मोडणारा माणूस इंदूरमध्ये शिकला होता. होळकरांच्या या गावातल्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून कंवलजीत सिंग आनंद ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेनंतर बाळं एवढी खचलेली का परततात, हा प्रश्न त्यांना पडला. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा प्रयोग आला. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायच्या १६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी निम्म्यांना नेहमीची भूल दिली, निम्म्यांना तिच्यासोबत फेंटानिल हे वेदनाशामक. ते न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेनं नवजात बाळांनाही शस्त्रक्रियेत भूल आणि वेदनाशमन मिळालं पाहिजे, असं जाहीर केलं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी १९८० च्या दशकात हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहऱ्यांच्या पट्ट्या आल्या. आकडे न कळणारं मूल चेहऱ्यावर बोट ठेवून आपली वेदना सांगू लागलं. आणि पोटदुखीबद्दल तर १९५८ मध्येच ब्रिस्टलच्या जॉन ॲप्ली यांनी १००० शाळकरी मुलांची पाहणी करून दाखवलं होतं, की दहातल्या एका मुलाला वारंवार, रोजच्या कामात अडथळा येईल इतकी पोटदुखी होते आणि बहुतेकांत अवयवाचा आजार सापडत नाही. आज वैद्यक याला कार्यात्मक पोटदुखी म्हणतं. आतडं आणि मेंदू यांच्यातली देवाणघेवाण बिघडते, मज्जातंतू जास्त हळवे होतात आणि साधा वायू किंवा घासही कळ उठवतो. दुखणं खरं असतं. मूल नाटक करत नसतं.

दोन वाटा मिळाल्या

आनंद यांचा प्रयोग छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, ‘पीडियाट्रिक्स’ नियतकालिकात एक छोटा अहवाल आला. किरकोळ दुखापतीनंतर हात किंवा पाय महिनोन्‌महिने पेटल्यासारखा दुखणारा, साधा स्पर्शही न सोसणारा एक आजार आहे. तो झालेल्या १० मुलांना टेन्स लावला आणि त्यांतली ७ दोन महिन्यांत पूर्ण बरी झाली. १९९३ मध्ये कॅनडात ५ ते १७ वर्षांच्या ५१४ मुलांवर मोठा प्रयोग झाला. रक्त काढताना टेन्स लावलेल्या मुलांनी खोटी मशीन लावलेल्यांपेक्षा कमी दुखल्याचं सांगितलं. वेदना क्षणभराची होती, पण त्या प्रयोगाचं मोजमाप मुलांचा शब्द हेच होतं.

पोटदुखीवरचा उपाय मात्र कानातून आला, आणि त्याची वंशावळ पुन्हा डागणीपाशी पोचते. १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या लिऑन शहरात पॉल नोजिए या डॉक्टरांकडं सायटिकाचे काही पेशंट आले. त्यांच्या कानावर एकाच ठिकाणी डागल्याचा व्रण होता आणि त्या डागणीनं दुखणं थांबल्याचं ते सांगत. नोजिए यांनी डागाऐवजी सुई वापरली आणि कानावर सगळ्या शरीराचा नकाशा काढला. तो नकाशा विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेला नाही. पण कानात व्हेगस मज्जातंतूची एक शाखा कातडीपर्यंत येते, हे शरीररचनेतलं सत्य आहे. व्हेगस हाच तंतू आतड्यांची खबर मेंदूला पोचवतो. कानाच्या शाखेला विजेची हलकी चेतना दिली की तिचा संदेश मेंदूच्या देठात, पोटाचे संदेश पोचतात तिथंच पोचतो.

कानामागं चिकटणारं, बॅटरीवर पाच दिवस चालणारं, अगदी बारीक सुयांचं उपकरण याच आधारावर तयार झालं. विस्कॉन्सिनमध्ये ११ ते १८ वर्षांच्या ११५ मुलांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना खरं उपकरण, निम्म्यांना करंट नसलेलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. २०१९ ची मान्यता त्यांतल्या आतड्याच्या त्रासाची लक्षणं असलेल्या ५० मुलांच्या आकड्यांवर मिळाली. तीन आठवड्यांनी सर्वांत वाईट कळ किमान ३० टक्क्यांनी कमी झालेली मुलं खऱ्या उपकरणाच्या गटात ५९ टक्के होती, खोट्याच्या गटात २६ टक्के. २०२१ मध्ये किशोरवयीन मुलांच्या मायग्रेनसाठी दंडावर बांधायचं एक विजेचं उपकरणही अमेरिकेत मान्य झालं.

हे आकडे आशा देतात आणि भानही देतात. खोट्या उपकरणानंही चारातल्या एकाला उतार पडला, आणि खऱ्यानंही दहातल्या चौघांना तेवढा पडला नाही. मुलांच्या दीर्घ वेदनेवर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या अखेरीस मार्गदर्शन काढलं, तेव्हा शारीरिक उपचार, मानसिक उपचार आणि औषधं या तिन्हींचा विचार मूल आणि कुटुंब पाहून करावा, असं सांगितलं आणि पुरावा तोकडा असल्याचंही नोंदवलं. विदर्भात आणि नंदुरबारकडं सिकलसेलची मुलं जी वेदना भोगतात तिच्यावर टेन्स कितपत चालतो, याचा पुरावा तर आणखी अपुरा आहे.

त्यामुळं पेटी हाती आहे म्हणून ती मुलाला लावायची, असं होऊ नये. वजन घटणं, ताप, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारी कळ, सुजलेला सांधा, ही लक्षणं असतील तर आधी आजार शोधला पाहिजे. पेसमेकर असेल तर, गळ्याच्या पुढच्या बाजूला किंवा बधिर कातडीवर करंट लावत नाहीत. आणि करंटचं बटण किती फिरवायचं हे मुलानं सांगायचं. जे मूल सांगू शकत नाही त्याच्याबाबत दुप्पट जपायला हवं. डागणी आणि उपचार यांच्यातली सीमा इथंच आहे.

शाळेच्या हजेरीपटावरची वेदना

जगभरात साधारण दर पाच मुलांत एकाला तीन महिन्यांहून जास्त टिकणारी वेदना असते, असा अलीकडचा एकत्रित अंदाज आहे. कोल्हापूर जिल्हा त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. ही मुलं दवाखान्यात येण्याआधी शाळेच्या हजेरीपटावर दिसतात. सोमवारी गैरहजर, परीक्षेच्या आठवड्यात गैरहजर, मधल्या सुट्टीत घरी. बहुतेकदा आपण त्याला अभ्यासाची टाळाटाळ म्हणतो.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत का नाही, हे विचारणं राज्याचं काम आहे, असं या मातीत तेव्हाच ठरलं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला प्रारंभही महाराष्ट्रातच, पालघरला झाला. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, विकासातली दिरंगाई अशा चार गटांत मुलांची तपासणी होते. डोळे, दात, कान, हृदय, रक्तक्षय, सगळं त्यात आहे. दीर्घ वेदना त्या यादीत नाही.

ती यायला हवी. दोन प्रश्न पुरेत. तुला कुठं सारखं दुखतं का? त्यामुळं शाळा, खेळ किंवा झोप बुडते का? ‘हो’ म्हणणाऱ्या मुलासाठी पुढची वाट कोल्हापुरातच आहे. सीपीआर रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहेत, शहरात वैद्यकीय महाविद्यालयं आणि फिजिओथेरपीचं शिक्षण आहे. बालरोग, फिजिओथेरपी आणि मानसोपचार यांनी आठवड्यातून एक दिवस या मुलांसाठी एकत्र बसावं. हालचाल, झोप, हळूहळू शाळेत परतणं, मनाला उभारी, आणि गरज तिथं टेन्स, अशी उपचाराची जोडणी त्यांना करता येईल. मुलांनी दिलेली उत्तरं नीट नोंदवली तर इथल्या मुलांवर काय चालतं याचा आपला स्वतःचा पुरावाही उभा राहील.

काश्यपांनी मुलाकडं बघायला सांगितलं, आनंद यांनी मुलाचं रक्त तपासून खात्री केली, ॲप्लींनी शाळेत जाऊन विचारलं. या तिघांच्या कामाशिवाय कानामागचं उपकरण तयार झालं असतं, पण ते लावायचं कुणाला हे कळलं नसतं. नवी यंत्रं येत राहतील, त्यांच्या किमती उतरतील, काही टिकतील, काही मागं पडतील. ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवायला त्यांची वाट बघावी लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तपासणीपासून हे दोन प्रश्न विचारता येतील.